काचेचं गोंदण

दिग्रसात अशी बोलवा आहे की सुरभी मॅडमनी आपल्या आईचे चांदीचे तोडे दिल्लीला नेले, तिथं वितळवले आणि काचेत भरून परत आणले. म्हणजे उद्या कुणी झडती घ्यायला आलं तर त्याला काच दिसेल, चांदी दिसणार नाही. बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर ही बातमी खर्र्यासारखीच घोटून घोटून मऊ झाली आहे. तिथला एक जण तर छातीवर हात ठेवून सांगतो, "म्या सोता हातात घेतली ना बे थे काच! अशी जड, अशी जड, जशी इटच!"

सगळं खोटं. मॅडमच्या आईचे, म्हणजे सुखीबाईचे, तोडे सुखीबाईच्याच पायात आहेत. ती अंगणात चालली की तांड्याच्या दुसऱ्या टोकाला कळतं, आणि त्या तोड्यांना कुणी हात लावला तर तो हात धडपणी घरी परत जाईल याची खात्री तिची मुलगीही देणार नाही. काचेत चांदी आहे हे खरं, पण ती इतकी कमी की तिची डासाला नथसुद्धा होणार नाही. आणि त्या इसमानं काच हातात घेतली हे तर खोट्यातलं खोटं. मॅडमशिवाय त्या काचेला आजवर एकाच माणसाचं बोट लागलं, आणि त्या एका बोटानं जे झालं ते पानठेल्यावर कुणालाच माहीत नाही.

सुरभी राठोड आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतात. तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर तांड्यावरची सुरभी. शिकवतात झकास. फक्त त्यांना किळस येते. डस्टर त्या दोन बोटांनी उचलतात, मेलेला उंदीर उचलावा तसा. हजेरीचं रजिस्टर दुसऱ्या कुणी थुंकी लावून उलटलं असेल तर पानं पेनाच्या टोपणानं उलटतात. त्यांच्या 'शी'चे प्रकार अख्ख्या वर्गाला पाठ आहेत. बाकाखाली चिकटवलेल्या च्युइंगगमला आखूड, तुटकी 'शी'. भिंगावर उमटलेल्या बोटाच्या ठशाला नाकातून निघालेली, शेवटाला वर उचललेली 'शीऽऽ'. आणि खर्र्याला तर शब्दच नाही. त्या डोळे मिटतात, ओठ आत ओढतात आणि मांजराच्या घशात केस अडकावेत तसा एक आवाज काढतात. माझ्या वर्गातल्या विक्कीनं तो आवाज काढायचा लई प्रयत्न केला. त्याचा बैलाच्या ढेकरेसारखा येतो.

खर्रा म्हणजे काय हे बाहेरगावच्या माणसाला सांगायला हवं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो गालात धरतात, आणि मग गाल रिकामा करायला भिंत शोधतात. आमच्या कॉलेजात ती भिंत शोधावी लागत नाही. फिजिक्सच्या लॅबला जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर एक कोपरा आहे. त्याचा मूळ रंग कोणता होता ते बांधणाऱ्या गवंड्यालाही आठवणार नाही. तळाला काळपट, त्यावर विटकरी, त्यावर ताजा ओला लाल. उन्हाळ्यात त्याला पोपडे धरतात आणि पावसाळ्यात त्यातून ओघळ उतरतात. कुणीतरी तिथं निळ्या रंगात 'येथे थुंकू नये' लिहिलं होतं. त्यातलं 'येथे थुंकू' एवढंच आता वाचता येतं, आणि लोक ते पाळतात. मॅडम त्या वळणावर पदर नाकाला लावून, भिंतीकडे न पाहता, दोन दोन पायऱ्या चढतात.

आणि वर पोचल्या की लॅबच्या दारात उकंडाकाका उभे.

उकंडाकाका लॅबचे शिपाई. डाव्या गालात कायमची गोळी, म्हणून बोलताना मान वर, छपराकडे बघून बोलायचं. खाली बघितलं तर सांडतं. खिशात निळ्या चौकड्यांचा रुमाल. त्याच रुमालानं तोंड, त्याच रुमालानं सायकलची सीट आणि त्याच रुमालानं प्रिझम.

"काका, निदान लॅबमध्ये तरी नका ना खाऊ!"

"खातो कुठी म्यॅडम? धरून ठेवला हाये फक्त."

"मग थुंकून या."

"मंग तुमीच म्हणसान, काहून थुंकला."

यावर मॅडमचं उत्तर एकच: तो मांजराचा आवाज.

तर ही काच. विक्कीनं एकदा तासाला विचारलं होतं, "मॅडम, काचेले चांदीचा मुलामा देता का तुमी?"

"मुलामा वरून असतो, विक्की. घासला की जातो. माझ्या आईच्या हातावर गोंदण आहे. ती रोज राखेनं भांडी घासते. हळद जाते, मसाला जातो, गोंदण जात नाही. का? ते कातडीच्या आत आहे. मी काचेला गोंदते."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दिल्लीतल्या एका मोठ्या संस्थेत एक यंत्र आहे. त्यात चांदीचे अणू सुटे करतात आणि प्रत्येकाचा एखादा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. असा इलेक्ट्रॉन गमावलेला अणू म्हणजे आयन. त्याला विजेच्या जोरावर पळवत नेतात आणि समोर ठेवलेल्या काचेवर आदळतात. वाटेत हवासुद्धा नको, म्हणून सगळी हवा आधीच उपसून काढतात. आयन काचेच्या कातडीत घुसतो आणि आतच अडकतो. मग काच भट्टीत तापवायची. तापली की आतले एकटेदुकटे चांदीचे अणू सरकत सरकत एकत्र येतात, पानठेल्यावर पोट्टे जमतात तसे, आणि त्यांचे बारीक बारीक कण होतात. हे नॅनोकण. डोळ्याला दिसत नाहीत, पण त्यांना निळाजांभळा उजेड गिळायची खोड असते. तेवढा गिळला की आरपार येणारा उरलेला उजेड पिवळसर दिसतो.

पानठेल्याची उपमा स्वतःच्याच तोंडून गेली म्हणून मॅडमनी लगेच पाण्याची बाटली काढून चूळ भरली.

त्या यंत्रावर नंबर लागायला त्यांचे दोन पावसाळे गेले. एकदाचा लागला. दिल्लीला दारातच पायात कापडी मोजे, हातात मोजे, डोक्याला टोपी. जमीन अशी की तिच्यावर भाकर वाढावी. तिथं होत्या तितके दिवस मॅडमना एकदाही 'शी' म्हणावं लागलं नाही. परतीच्या रेल्वेच्या संडासात सगळी थकबाकी निघाली. येताना स्टीलच्या डब्यात कापसाच्या गादीवर काचेचे चार तुकडे होते, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे. यंत्रात प्रत्येक तुकडा चौकटीत पकडला होता, म्हणून चौकटीखाली झाकलेली कडेची किनार कोरी राहिली होती. चांदी फक्त मधे.

लॅबच्या भट्टीत मॅडमनी तुकडे तापवले, थंड केले, धुतले आणि उजेडात धरले. रंग आला होता का? आला म्हटलं तर आला. नाही म्हटलं तर नाही. डोळ्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. यवतमाळच्या एका कॉलेजात उजेड मोजायचं यंत्र आहे, तिथं नेऊन आलेख काढायचा होता. आलेखात ठरलेल्या जागी उंचवटा आला की झालं. अमरावतीचे मार्गदर्शक सर फोनवर बोलले ते मॅडमनी पाठच केलं होतं: "उंचवटा आला तर प्रबंध लिहायला घे. नाही आला तर विषय सोड. यंत्राचा नंबर पुन्हा लागणार नाही."

मॅडमनी तुकडे डब्यात बंद केले. त्यांचा नियम असा, की एकदा धुवून ठेवलेल्या काचेला मोजेपर्यंत कशानंही पुसायचं नाही, स्वतःसुद्धा नाही. डबा कपाटात. सुट्ट्या लागल्या. कपाटाची किल्ली नेहमीसारखी उकंडाकाकांकडे.

सुट्ट्यांत खंडेनवमी होती.

दसरा झाल्यावर मॅडमनी डबा उघडला आणि पाहतच राहिल्या. काचा पिवळ्या! आला म्हटलं तर आला असा नाही, चांगला चैत्रातल्या बहाव्यासारखा पिवळा. बाकाखालचा च्युइंगगम दारातून हुंगणाऱ्या बाईनं या वेळी नाकच वापरलं नाही. डबा मांडीवर घेऊन त्या यवतमाळच्या एसटीत बसल्या. पुढच्या खिडकीतली बाई आर्णीच्या अलीकडे ओकली, वारा मागच्या बाजूला होता. शेजारच्या माणसानं बूट काढून एक मोजा खिडकीच्या गजाला वाळत घातला. कंडक्टरनं बोटाला जीभ लावून तिकीट फाडलं आणि ते ओलं बोट मॅडमच्या हाताला लागलं. एरवी त्या उतरून पायी गेल्या असत्या. त्या दिवशी पदराखाली डबा झाकून बसून राहिल्या.

यंत्रावरच्या माणसानं आलेख पाहून शीळच घातली. उंचवटा कसला, टेकडीच! जागाही जवळपास बरोबर.

मॅडमनी आमच्या प्राचार्यांना फोन केला, ही त्यांची दुसरी चूक. चारुदत्त सरांना आनंद झाला की त्यांचा चष्मा नाकावरून खाली येतो आणि प्रत्येक वाक्याला 'काय?' लागतो. "अभिनंदन मॅडम, काय? आपल्या ग्रामीण भागाची मान उंचावली, काय? आपण सत्कार ठेवू, पाहुणे बोलवू, काय?" दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स चढला: 'दिग्रसच्या मातीत नॅनोक्रांती!' मधोमध सरांचा भला मोठा फोटो, हात जोडलेला. खाली कोपऱ्यात, टाचणीच्या डोक्याएवढ्या मॅडम.

सत्काराच्या आदल्या दिवशी आमचं प्रॅक्टिकल होतं. मॅडम काचा चिमट्यात धरून आम्हाला दाखवत होत्या, तेवढ्यात उकंडाकाका मान वर करून आत आले.

"म्यॅडम, पेढे कुठी हायेत? देवी पावली ना! म्या तुमच्या काचेची पूजा सगळ्यात आंधी केली. तराजूच्याबी आंधी."

मॅडमचा चिमटा तसाच राहिला. "कसली पूजा?"

"आवो, खंडेनवमीची! दरसाल करतो ना म्या. तराजू, पिरझम, कम्प्यूटर, सगळ्याईले हळदकुकू. म्हणलं, यंदा दिल्लीवून आलेली वस्तू हाये, तिले कायले सोडा?"

"हळद... काचेला?"

"तेलात कालवून. कोरडी टिकत नाही बाप्पा. चारीच्या चारी तुकड्याईले बोटानं मस्त लावली." आणि मग मॅडमचा चेहरा पाहून घाईघाईनं, "पन पुसली ना मंग! म्हणलं, तुमी चिडसान. कुकू तं पार निंगालं."

"कशानं पुसली?"

काकांनी खिशातून निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला. तो उघडला तेव्हा चुरचुर वाजला.

"कोरड्यानं निंगे ना," काका म्हणाले, "म्हून मंग जरासं..." आणि त्यांनी रुमालाचं टोक जिभेला लावून दाखवलं.

आम्ही सगळे आवाजाची वाट बघत होतो. आवाज आला नाही. मॅडमनी काच नाकाजवळ नेली आणि हुंगली. मग उजेडात धरली. मधला भाग पिवळा होता. कडेची किनारही पिवळी होती. जिथं चांदी पोचलीच नव्हती, तिथंही पिवळी. इतके दिवस त्यांनी ती किनार पाहिलीच नव्हती; पिवळं हवं होतं, पिवळं दिसलं.

"काका," त्या म्हणाल्या, "चुना द्या."

"आँ?"

"तुमच्या खर्र्याचा चुना. डबी द्या."

ज्या बाई त्या डबीकडे पाहायलाही तयार नसत, त्यांनी ती हातात घेतली. झाकण चिकट होतं, आत बाजूनं तंबाखूची पूड बसलेली. मॅडमची मान खांद्यापर्यंत आखडली, हातावरचे केस उभे राहिलेले आम्हाला दिसले. काडीच्या टोकानं चुना घेऊन त्यांनी काचेच्या किनारीला लावला. बघता बघता चुना लाल झाला. मधे लावला, तिथंही लाल. हळदीला चुना लावला की ती लाल होते, हे घराघरात माहीत आहे. कुंकू तसंच करतात.

"हळद," मॅडम म्हणाल्या. "माझी टेकडी हळदीची."

आता प्रश्न एवढाच होता: हळदीखाली काही आहे की नाही? असेल तर प्रबंध. नसेल तर दोन पावसाळे, दिल्ली, भट्टी, सगळं पाण्यात, आणि पुन्हा नंबर नाही.

तेवढ्यात चारुदत्त सर पाहुण्यांचं नाव सांगायला आले. मॅडमनी त्यांना काच दाखवली, सांगितलं, आणि म्हणाल्या, "मी धुते आणि पुन्हा मोजते. सत्कार थांबवा."

सरांचा चष्मा खाली आला. "मॅडम, असं पहा. ग्राफला हळद दिसते का? ग्राफला उंचवटा दिसतो, काय?"

"मला दिसते ना, सर."

"तुम्हाला, मला आणि उकंडाला. पाहुण्यांना कोण सांगतंय, काय? आणि हळद काय वाईट वस्तू आहे? औषधी आहे, काय? फ्लेक्स लागलाय. धुतली आणि खाली काहीच निघालं नाही, तर तुमचंच नुकसान, काय? तशीच राहू द्या."

मॅडमनी डोळे मिटले, ओठ आत ओढले, आणि तो आवाज आला. तो. मांजराचा. सर खर्रा खात नाहीत. सुपारीसुद्धा खात नाहीत. त्यांनी आधी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, मग शर्टाच्या पुढच्या बाजूकडे, आणि कुठंच काही सापडलं नाही म्हणून चष्मा वर करून निघून गेले.

मॅडमनी साबणाचं पाणी घेतलं. मग स्पिरिट. मग डिस्टिल्ड पाणी. पुन्हा साबण. कापसाचे बोळे आधी पिवळे निघाले, मग फिके, मग कोरे. पुन्हा चुना लावून पाहिला, पांढराच राहिला. तो धुवून काढला आणि काच पांढऱ्या कागदावर ठेवली. आम्ही डोकी जोडून वाकलो. काही नव्हतं. काच होती, नुसती, पाण्यासारखी.

उकंडाकाका पहिल्यांदाच खाली बघून बोलले, आणि सांडलंच. "म्यॅडम, गेलं का हो सारं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "वरचं गेलं. आतलं आहे."

त्यांचा आवाज मात्र 'आहे'पाशी जरा घसरला. इथं माझी जीभ वळवळली. "मॅडम, काहीच नाही हाये. लावता पैज?"

विक्कीनं मला कोपर मारलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, बाकाखालच्या च्युइंगगमकडे बघावं तसं.

"लावते. यवतमाळला सपाट रेघ आली तर तू जिंकलास. उंचवटा आला तर जिन्याचा तो कोपरा तू घासायचा. ब्रशनं. पांढरा होईपर्यंत."

"अन् तुमी हरल्या तं?"

"तर मी घासीन."

मॅडम आणि तो कोपरा! विक्की माझ्या कानात म्हणाला, "हे तं मेलीच आता."

दुसऱ्या दिवशी सत्कार झाला नाही. मॅडम पहिल्या एसटीनं यवतमाळला गेल्या. त्यांनीच नंतर सांगितलं, की त्या दिवशी बसमध्ये कोण ओकलं, कुणी काय वाळत घातलं, त्यांना काहीही माहीत नाही. यंत्रात आधी त्यांनी काचेची किनार लावली. पडद्यावर रेघ सरकत गेली, सपाट, जशी हवी तशीच. मग मधला भाग लावला. रेघ तांबड्याकडून निघाली, हिरव्यापर्यंत सपाट आली, आणि मॅडमनी डोळे मिटून घेतले. यंत्रावरच्या माणसाला वाटलं, यांना बस लागली असेल. त्यानं बादली पुढं सरकवली. त्या बादलीचा वास आला तेव्हा कुठं मॅडमनी डोळे उघडले, 'शीऽऽ' म्हणाल्या, आणि समोर पाहिलं.

संध्याकाळी त्या फाटकातून आल्या. फ्लेक्सच्या एका बाजूची दोरी सुटली होती आणि चारुदत्त सरांचे जोडलेले हात वाऱ्यानं फडफडत होते. आम्ही जिन्याशीच उभे होतो. मॅडमनी पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला, मला हात लावू न देता. टेकडी नव्हती. तव्यावरच्या भाकरीला एका बाजूनं पापुद्रा सुटावा तेवढाच उंचवटा. पण होता, निळ्याजांभळ्याच्या हद्दीत, त्याच्या जागेवर.

"अमरावतीचे सर काय म्हणाले?" विक्कीनं विचारलं.

"म्हणाले, बुटका आहे, पण खरा आहे. लिहायला घे." आणि त्यांनी दुसऱ्या हातातली पिशवी माझ्यापुढं केली. आत नवा ब्रश, ॲसिडची बाटली आणि रबरी मोजे. मोजे त्यांनी जाताना नव्हे, निकाल कळल्यावर येताना घेतले होते, म्हणजे माझ्याचसाठी, एवढं मला मानायला हवं.

मी कोपरा घासला. पहिल्या थराला वास नव्हता. दुसऱ्याला होता. तिसऱ्यात सुपारीची खांडं निघाली, एक बटण निघालं, आणि कुणाचा तरी दात निघाला. ब्रशचे केस लाल झाले, बादलीतलं पाणी रस्सा झालं, आणि एक शिंतोडा माझ्या ओठावर उडाला. मांजराचा आवाज माझ्या घशातून आपोआप आला, नक्कल न करता. उकंडाकाका वरच्या पायरीवर बसून मान वर करून सूचना देत होते: "थ्या बाजूनं घास बे पोट्ट्या, थो म्हावाला नाही, थो कॉमर्सवाल्याईचा हाये!"

अंधारायच्या आत पांढरं दिसायला लागलं. 'नये' हा शब्दही कुठून तरी वर आला. मॅडम जिना उतरल्या, पदर नाकाला न लावता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या कोपऱ्यासमोर थांबल्या. वाकून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं म्हणतील.

"शी," त्या म्हणाल्या. आखूड, तुटकी. "किनार राहिली."